मागचं दार

“ही रांग कसली गं?” चेअरमननी विचारलं.

बंदरापासूनची चढण चढून आम्ही बँकेसमोर येऊन उभे होतो. एजियन समुद्रातलं एक छोटंसं ग्रीक बेट, जुलै महिना, आणि सकाळीच डोकं तापवणारं ऊन. बँकेचं शटर निम्म्यावर ओढलेलं होतं. त्याच्यापुढे म्हाताऱ्या माणसांची लांबलचक रांग भिंतीच्या सावलीला चिकटून उभी होती. कुणी घरून घडीची खुर्ची आणलेली, कुणी काठीवर भार टाकलेला. बोलत कुणीच नव्हतं. बँकेसमोरची अशी गप्प रांग मी लहानपणी एकदा पाहिली होती आणि ती फार वेळ गप्प राहिली नव्हती.

“पेन्शनवाले आहेत, काका,” मी म्हटलं. “सगळ्या देशातल्या बँका बंद ठेवल्यात. मशीनमधून दिवसाला साठ युरो मिळतात, बस्स. ज्यांच्याकडे कार्ड नाही अशा म्हाताऱ्यांसाठी थोड्या शाखा उघडल्या आहेत.”

“मग आपला सत्कार?” मोहनशेठ हवालदिल होऊन म्हणाले.

सत्कार त्यांचा नव्हता, ते करणार होते. आमच्या गावच्या नागरी सहकारी बँकेच्या संचालक मंडळाचा हा अभ्यास दौरा होता. विषय होता ‘युरो चलन आणि सहकार’. माणदेशाच्या कडेला असलेल्या तालुक्याच्या गावातली बँक, तिला युरोचं काय करायचं होतं हे कुणी विचारू नये. मी तेव्हा बेल्जियममध्ये युरोवरच संशोधन करत होते, म्हणून दुभाषी आणि वाटाड्या म्हणून चेअरमन खराड्यांनी मला बोलावून घेतलं होतं. “आपल्या सुतार साहेबांची लेक आहे, बाहेरची कशाला?” असं ते म्हणाले होते म्हणे. ते ऐकून मला आश्चर्यच वाटलं होतं. माझ्या वडिलांचं नाव गावात कुणी एवढ्या मानानं घेत नसे.

फ्रँकफर्टला युरोच्या भल्यामोठ्या निळ्या चिन्हापुढे फोटो काढून झाले. मग अथेन्स. तिथल्या गरमीनं बाकीचे संचालक हॉटेलात आडवे झाले आणि बेटावरची सहकारी बँक पाहायला खराडे चेअरमन, संचालक मोहनशेठ शेटे आणि मी असे तिघेच आलो. मोहनशेठच्या हातातल्या पिशवीत शाल, श्रीफळ आणि फेटा होता. नारळ माणदेशातून आलेला होता. विमानतळावर त्याच्यापायी माझी जी चौकशी झाली ती मी अजून विसरलेले नाही.

मॅनेजर स्टेलिओस शटरखालून वाकून बाहेर आला आणि आम्हाला आत घेऊन गेला. पन्नाशीचा, दाढी वाढलेला, कपड्यांवरून रात्रभर तिथेच असावा असा माणूस. इंग्लंडात शिकलेला असल्यामुळे माझं काम सोपं होतं.

“तुम्ही येणार हे मी महिन्यांपूर्वी कबूल केलं होतं,” तो म्हणाला. “आत्ता नको म्हणायला हवं होतं खरं तर. पण पाहुण्यांना कसं नको म्हणायचं?”

चेअरमननी पुढ्यातली कॉफी संपवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. “विचार गं त्याला, नोटा संपल्या म्हणजे काय? सरकारला छापायला काय धाड भरली?”

मी धाड वगळून विचारलं. स्टेलिओस हसला. “छापखाना अथेन्सला आहे. किती नोटा सोडायच्या ते फ्रँकफर्टला ठरतं. एका देशाची मर्जी तिथे चालत नाही.”

“म्हणजे तवा तुमचा, आणि भाकऱ्या किती थापायच्या ते शेजारच्या घरात ठरणार.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. स्टेलिओसला ते फार आवडलं. “बरोबर. पण त्यांना सांगा, ते आम्हीच मागून घेतलं. पूर्वी आमचं सरकार मनाला येईल तेव्हा नोटा छापायचं. माझ्या वडिलांची पेन्शन दर वर्षी जागच्या जागी पातळ व्हायची. युरो आला त्या रात्री आम्ही या चौकात नाचलो होतो. आपल्या हातावर आपला विश्वास नव्हता म्हणून दुसऱ्याच्या हातात किल्ली दिली. आता तो दार उघडत नाही म्हणून रडतोय.”

चेअरमननी मान हलवली. त्यांना हे सगळं पटकन कळत होतं, माझ्या प्राध्यापकांना समजावून सांगावं लागायचं त्याहून पटकन. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले की काय होतं ते त्यांनी भोगलेलं होतं. मी नववीत होते तेव्हा आमच्या गावच्या बँकेवर तसे निर्बंध आले होते. पुढे ते उठले, बँक पुन्हा उभी राहिली आणि ‘खराडे चेअरमननी बँक वाचवली’ असं गावानं ठरवून टाकलं. बँक बुडवायला कोण निघालं होतं, तेही गावानं ठरवलं होतं. शाखेचे मॅनेजर सुतार. माझे वडील.

मी बोलण्यात गुंतले होते, तेवढ्यात मोहनशेठ स्टेलिओसच्या मागे जाऊन उभे राहिले. मी “शेठ, आत्ता नको” म्हणेपर्यंत फेट्याचे दोन वेढे त्याच्या डोक्याला बसलेसुद्धा. स्टेलिओस बिचारा पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून खुर्चीत ताठ बसून राहिला. गुलाबी फेटा चढला, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. चेअरमन शेजारी उभे राहिले आणि मोहनशेठनी मोबाईलचा फ्लॅश पाडला. एक उभा काढला, एक आडवा.

त्या खोलीला रस्त्याच्या बाजूला मोठी काच होती.

बाहेर आधी एक आवाज आला, मग चार, मग सगळी रांगच बोलायला लागली. शटरवर हात आपटले. नारळ टेबलावर ठेवून स्टेलिओस काचेशी गेला. त्याचा चेहरा उतरला.

“काय झालं?” मी विचारलं.

“त्यांना वाटतंय, मी बँक विकली. हे दोघे विकत घ्यायला आलेत आणि सौदा झाला म्हणून आत समारंभ चाललाय.” त्यानं फेट्याला हात लावून पाहिला. “सायप्रसमध्ये लोकांच्या ठेवी कापून घेतल्या होत्या. ते सगळ्यांच्या डोक्यात आहे. हे आता थांबलं नाही तर दुपारपर्यंत बेटावर एकही माणूस मला दारात उभं करणार नाही.”

मी हे चेअरमनना सांगितलं. मला आपल्या माणसांची इतकी लाज वाटली की जमिनीत तोंड घालावंसं वाटत होतं. मोहनशेठ फोटो बरे आलेत का ते पाहत होते.

स्टेलिओसनं खुर्ची उचलली, शटर पूर्ण वर ढकललं, खुर्ची पायरीवर ठेवली आणि वर चढला. फेट्याची गाठ त्याला सुटेना, म्हणून तो तसाच होता. तो गुलाबी फेट्यानिशी ग्रीकमध्ये बोलायला लागला. पुढच्या एका म्हातारीनं हातातली काठी त्याच्यावर उगारली. काळे कपडे, पाठीत वाक, पण आवाज असा की बंदरावर ऐकू जावा. तो खाली वाकून तिच्याशी बोलला. ती ओरडली, तो पुन्हा बोलला. मग रांगेत कुणीतरी हसलं. फेट्याकडे बोट दाखवून दुसरंही कुणी हसलं. तो चेष्टा सहन करत तिथेच उभा राहिला, लोक एकेक प्रश्न विचारत राहिले आणि तो उत्तरं देत राहिला. हळूहळू काठ्या खाली आल्या, रांग पुन्हा भिंतीला लागली.

तो घामानं निथळत आत आला तेव्हा मी विचारलं, “काय सांगितलंत?”

“खरं तेच. ही दूरची माणसं आहेत, यांची आपल्यासारखीच बँक आहे, आणि यांच्याकडे पाहुण्याचं डोकं असं बांधतात. बँक विकलेली नाही. उद्या नोटा येतील की नाही, मला माहीत नाही. आल्या तर मी इथेच आहे, नाही आल्या तरी इथेच आहे.”

“आणि ती काठीवाली आजी?”

“ती?” तो दमून खुर्चीत बसला. “ती माझी आई.”

मी मराठीत सांगितलं तसे चेअरमन ताडकन उठले. “आई? आणि रांगेत? विचार त्याला, म्हातारीला आत का नाही घेतली? मॅनेजरची आई उन्हात उभी?”

स्टेलिओसला प्रश्नाचं नवल वाटलं. “तिला आत घेतलं तर बाहेरचे का थांबतील?”

मी ते सांगितलं. चेअरमन काचेतून त्या म्हातारीकडे पाहत राहिले. तिनं काठी काखेत धरली होती आणि पदराच्या जागी असलेल्या काळ्या रुमालानं मान पुसत होती.

“बाहेर अजून गरमागरमी आहे,” स्टेलिओस म्हणाला. “तुमच्या साहेबांना त्रास नको. कोठीतून मागं एक दार आहे, ते गल्लीत निघतं.”

मोहनशेठला भाषांतर लागलं नाही. ते पिशवी उचलून कोठीत शिरलेसुद्धा, आणि दार उघडून गल्लीत गेलेही. चेअरमन मागोमाग निघाले. मी त्यांच्या मागे. शाल त्यांच्या हातात होती, स्टेलिओसनं काढून ठेवलेली. दाराशी येऊन त्यांनी कडीवर हात ठेवला आणि ते तसेच थांबले. कोठीत जुन्या फायलींचा आणि ऑलिव्हच्या तेलाचा वास होता.

“रेवती,” ते म्हणाले, “त्या दिवसाचं तुझ्या वडलांनी तुला काय सांगितलंय?”

कुठला दिवस, हे विचारायची गरज नव्हती. “काहीच नाही. अण्णा त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत.”

“कधीच न्हाई?”

“कधीच नाही.”

“मला वाटलं, घरात तरी सांगितलं असंल.” त्यांनी डोळे मिटले. “तरीच तू माझ्यासंगं आलीस.”

मला काय माहीत होतं? इतकंच, की निर्बंध आले त्या दिवशी बँकेसमोर रांग लागली, दुपारी ती बिथरली आणि लोकांनी शटरसमोर माझ्या वडिलांच्या तोंडाला शाई फासली. मी शाळेतून येताना ते पाहिलं होतं. मैत्रिणी बरोबर होत्या. मी वाट बदलून घरी गेले होते. नंतर अण्णांना निलंबित केलं, चौकशी झाली, चौकशीत काहीच सापडलं नाही. पण चौकशीत काय सापडलं नाही, हे कोण वाचतं? त्यानंतर अण्णा घराच्या पुढच्या दारानं कधी बाहेर पडले नाहीत. मागच्या बोळातून जायचे, बोळातूनच यायचे. मीही तोंड लपवतच वाढले. दहावीचं बक्षीस घ्यायला मी आईला नेलं, त्यांना नाही.

“आम्हाला आदल्या दिवशीच मुंबईहून कुणकुण लागली होती,” चेअरमन कडीकडे बघत म्हणाले. “सगळ्या संचालकांनी आपापल्या ठेवी काढल्या. मी बी. माझ्या आईच्या नावावरची सुद्धा. सुतारांनी अडवलं आम्हाला. म्हणाले, साहेब, हे बरं न्हाई. मी त्यांना गप्प बसवलं.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी आम्ही आत, ते बी आत. मागल्या दाराची किल्ली त्यांच्याकडं. मी म्हणालो, सुतार, चला तुम्ही पण. तर म्हणाले, कुणीतरी पुढं थांबायला पाहिजे, न्हाईतर लोक बँक फोडतील. तुम्ही जावा. त्यांनी कुलूप उघडून दिलं आणि स्वतः पुढं गेले.”

“आणि शाई?”

“शाई मी बघितली. बोळाच्या तोंडाशी उभा होतो.”

गल्लीतून मोहनशेठची हाक आली. बोट सुटायची होती. चेअरमन हलले नाहीत.

“नंतर सांगता आलं असतं,” मी म्हटलं.

“तेच म्हणाले, सांगू नका. आत्ता चेअरमनचं नाव गेलं तर बँक बुडंल, लोकांच्या ठेवी बुडतील. बँक एकदा उभी राहू द्या, मग सांगा. बँक उभी राहिली.” त्यांनी शाल या हातातून त्या हातात घेतली. “मग सांगायचं राहिलं.”

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. आली ती लाज. इतकी वर्षं मी बँकांच्या विश्वासावर पानंच्या पानं लिहीत होते, आणि ज्या माणसानं तो आपल्या तोंडावर शाई घेऊन सांभाळला त्याला मी घरात ओळखलं नव्हतं.

चेअरमननी शालीची घडी घातली आणि माझ्यापुढे धरली. “ही तुझ्या वडलांना दे. माझ्यातर्फे.”

मी हात मागे घेतले. “मी नाही नेणार, काका. तुम्ही द्या. स्वतः.”

मला खरोखर वाटलं की आता ते वळतील, बँकेतून पुढे येतील आणि त्या रांगेसमोरून चालत जातील. निदान इथे तरी, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पण सवय मोठी वाईट असते. त्यांनी शाल काखेत मारली, कडी काढली आणि ते मागच्या दारानंच बाहेर पडले.

मी पुढून गेले. पायरीवर आले तेव्हा सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मला मान वर करवेना. स्टेलिओसच्या आईनं काठीनं माझ्या पायाला हळूच टोचलं, भिंतीला सरकली आणि सावलीत मला जागा करून दिली. मी तिच्याशेजारी उभी राहिले. बोट चुकली, संध्याकाळच्या बोटीनं मी एकटी अथेन्सला आले.

त्या दिवाळीला मी गावी गेले. अण्णा स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ बसून चकल्या मोजून डब्यात भरत होते, ते त्यांचं दर वर्षीचं काम. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले.

“बोलला म्हणायचा,” एवढंच ते म्हणाले.

“तुम्ही मला का नाही सांगितलंत, अण्णा?”

“सांगितलं असतं तर तू बाहेर बोलली असतीस. पोरींच्या तोंडात तीळ भिजत नाही.” ते हसले. “आणि पुढं म्हटलं, आता काय सांगायचं? तू शिकत होतीस. चेअरमननी बोलावलं तेव्हा तुला सांगणार होतो. पण म्हटलं, गडी आपल्या पोरीला मानानं बोलावतोय, जाऊ दे.”

मला रडू फुटलं. अण्णांनी चकलीचा तुकडा माझ्या हातात दिला, मी लहान असताना द्यायचे तसा.

पाडव्याच्या दिवशी दिवे लागायच्या सुमाराला मागच्या दारावर थाप पडली.

“सुतार साहेब, मी खराडे.”

आईनं माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. फटीतून मला पांढरं धोतर आणि काखेतली घडी घातलेली शाल दिसली. बोळात दुसरं कुणी नव्हतं. पुढचा रस्ता मात्र पाडव्याच्या माणसांनी भरलेला होता, पोरं फटाके लावत होती, सगळी आळी दारात होती.

अण्णा उठले. दाराशी गेले. कडीला त्यांनी हात लावला नाही.

“साहेब,” ते शांतपणे म्हणाले, “पुढचं दार उघडं आहे. तिकडून या.”

बऱ्याच वेळानं चपला वाजल्या आणि बोळातून लांब गेल्या. कुठल्या बाजूला गेल्या ते कळलं नाही.

अण्णांनी खुंटीवरचा इस्त्रीचा सदरा काढून अंगात घातला, बटणं लावली. खोलीतली खुर्ची उचलली आणि ती नेऊन पुढच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर ठेवली. मग ते तिच्यावर बसले. आई हातातला दिवा तसाच धरून उभी राहिली.

“काय सुतार साहेब,” समोरचे वाणी म्हणाले, “आज पुढं?”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “एक पाहुणे यायचेत.”

पाहुणे आले नाहीत. त्या दिवशी नाहीत, पुढेही नाहीत. आईनं जेवायला हाक मारेपर्यंत अण्णा तिथेच बसून होते, येणाऱ्या-जाणाऱ्याचा रामराम घेत. मी त्यांच्या पायाशी उंबऱ्यावर बसले होते. रस्त्यावरच्या एकाही माणसाकडे मला मान वर करून बघवत नव्हतं. अण्णा सगळ्यांकडे बघत होते.